लदेणीचा अखेरचा मुक्काम

बैलांच्या पाठीवरून चालणाऱ्या मालवाहतुकीला बंजारा समाजात लदेणी म्हणत. पावसाळा सरला, नद्यांना उतार पडला की दसरा-दिवाळीच्या सुमारास तांडा निघायचा आणि मृगाचे ढग जमण्याआधी चौमाशाच्या, म्हणजे पावसाळी मुक्कामाच्या, जागी परतायचा. मधले सात-आठ महिने वाटेवर जायचे. आजच्या वाशीम जिल्ह्यात, विशेषतः मानोरा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यात जागोजाग बंजाऱ्यांच्या वस्त्या दिसतात, त्यांनाही तांडेच म्हणतात. त्यांतले बरेचसे या परतीच्या प्रवासातून वसले. लदेणी कुठल्या हुकमाने एका दिवसात बंद पडली नाही. एकेक तांडा एकेका वर्षी परतला आणि पुढच्या दसऱ्याला निघालाच नाही.

लदेणीचा सगळा हिशेब बैलाच्या चाऱ्यावर चालायचा. पाठीवर पालाण आणि त्यावर दोन्ही अंगांना लोंबणारी गोण, असा एका बैलावर साधारण १२० किलो माल जाई. चाल दिवसाला सहा-सात मैलांची. घाई केली तर बैल चरणार कधी? वाटेवरच्या माळांवर आणि रानांत ते फुकट चरत, म्हणून वाहतूक स्वस्त पडे. गाडीला रस्ता लागतो, पूल लागतो, चाक मोडले तर सुतार लागतो. लदेणीच्या बैलाला पाऊलवाट पुरत असे आणि घाट तो गाडीपेक्षा सहज चढे. उंची कापड, मसाले असा हलका आणि महाग माल इतरही वाहून नेत, पण धान्य, मीठ, कापूस असा जड आणि स्वस्त माल शेकडो मैल परवडेल अशा दराने नेणे बंजाऱ्यांनाच जमले.

या तांड्यांचा आकार पाहून परदेशी प्रवासी चकित होत. पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला १६३२ मध्ये उत्तरेत प्रवास करताना धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निए दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांविषयी लिहितो. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर तो पुढे सरकेपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस थांबून राहावे लागे, ही त्याची तक्रार. बंजाऱ्यांच्या चार शाखा असून एकेक शाखा धान्य, तांदूळ, कडधान्य आणि मीठ यांपैकी एकच जिन्नस वाहते, असेही त्याने नोंदवले आहे. इतकी चोख वाटणी प्रत्यक्षात असण्याचा संभव कमीच. ऐकीव माहिती नीट खणांत बसवायची प्रवाशांची खोड जुनी आहे.

समाजाच्या परंपरेतले आकडे याहून मोठे आहेत. शहाजहानचा वजीर आसफखान दक्षिणेत आला तेव्हा त्याच्या फौजेला रसद पुरवायला भंगी आणि जंगी हे राठोड नाईक, म्हणजे तांड्यांचे प्रमुख, १,८०,००० बैल घेऊन आणि भगवानदास वडतिया ५२,००० बैल घेऊन आले होते, असे सांगतात. पाण्याचा आणि छपराच्या गवताचा हक्क आणि दिवसाला तीन खुनांची माफी देणारा ताम्रपट १६३० मध्ये भंगी-जंगींना मिळाला, अशीही कथा आहे. बैल कुणी मोजले असतील असे नाही. पण तांड्याने मोगलांकडे काय मागितले, ते या कथेतून कळते. जमीन किंवा जहागीर मागितलेली नाही. मुक्कामाच्या जागी पाणी आणि चारा मिळावा, हे मुख्य मागणे होते.

वऱ्हाडचे दोन भाग जुन्या कागदपत्रांत वेगळे धरलेले असतात. पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन म्हणजे पायनघाट आणि त्याच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगांवरचा उंच भाग म्हणजे बालाघाट. वाशीम बालाघाटात येते. पैनगंगा, अडाण, अरुणावती आणि काटेपूर्णा या नद्या याच उंचवट्यावरून वाहत निघतात. इथला माल खाली उतरवायचा तर घाट आले, आणि घाट म्हटला की बैल आले. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी असलेले वाशीम पुढेही पेठेचे गाव राहिले. १७६९ मध्ये जानोजी भोसले आणि माधवराव पेशवे यांच्यात तह झाला, तेव्हा भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल द्यायच्या कापडात वाशीम आणि बाळापूरच्या मालाचा उल्लेख होता.

याहून श्रीमंत पेठ कारंज्याची. लाडांचे कारंजे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या कोटाला चार वेशी होत्या: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. कोणत्या दाराने निघाले म्हणजे कुठे पोचायचे, हे नावातच सांगितलेले. तीन वेशींना जवळपासच्या गावांची नावे आणि चौथीला थेट दिल्लीचे. कारंज्याच्या सावकारांचे व्यवहार कुठवर पसरले होते, ते यावरून कळते. १६७० च्या डिसेंबरात, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर दोनच महिन्यांनी, मराठ्यांनी कारंजे लुटले. उंची कापड, सोने आणि चांदी मिळून सुमारे एक कोटीचा ऐवज ४,००० बैलांवर आणि गाढवांवर लादून नेल्याचे इतिहासकार जदुनाथ सरकार सांगतात. गावातला सर्वांत मोठा सावकार बाईच्या वेषात निसटला, बाकीचे मातब्बर पकडले गेले. हजारो जनावरे लादून ती डोंगरापार सुखरूप नेण्याची कला त्या काळी किती सरावाची झाली होती, तेही या एका स्वारीवरून ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून नावांनी कलकत्त्याला. अंतर पाचशे मैलांच्या आसपास. धूळ, पाऊस, रोजचे लादणे-उतरवणे यांतून कापूस पोचेपर्यंत त्याची रया जात असे. पुढे हा ओघ मुंबईकडे वळला. बंदराकडे कापूस आणि धान्य न्यायचे आणि परतताना मीठ आणायचे, हा फेरा नित्याचा झाला. रिकामा बैल परत आणणे म्हणजे निम्मी कमाई सोडणे, म्हणून परतीचा माल आधीच ठरलेला असे. भांडवल कधी नाईकाचे स्वतःचे, कधी सावकाराने आगाऊ दिलेले.

लढाईच्या दिवसांत हेच तांडे फौजेची रसद बनत. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्याशी लढत होता. २३ सप्टेंबरला असईची, २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. या साऱ्या मोहिमेत त्याच्या फौजेचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होते, आणि बैल वेळेवर पोचत नाहीत म्हणून तो पत्रांतून वैतागतानाही दिसतो. बंजारे धान्य विकत ते दोन्ही बाजूंना. त्यांना रस्त्यात लुटले तर उद्या आपल्यालाच कुणी दाणा आणून देणार नाही, हे प्रत्येक सेनापती ओळखून असे. तांड्याला सरसहा अभय मिळे ते या कारणाने. त्यात दयेचा भाग फारसा नव्हता.

परतीच्या वाटेवरच्या तांड्याचे बारकावे आपल्यापर्यंत आले आहेत ते मुख्यतः वऱ्हाड पोलिसातल्या कंबरलेज या अधिकाऱ्याच्या टिपणातून आणि कर्नल मॅकेंझी यांच्या नोंदींतून. कंबरलेजचे टिपण १८६९ च्या सुमाराचे, १८८२ मध्ये पुन्हा छापलेले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातील बंजाऱ्यांवरचे प्रकरण मुख्यतः याच दोघांवर उभे आहे. तांड्याच्या पुढे बालाजीला वाहिलेला बैल चाले. त्याच्या पाठीवर कधी ओझे चढत नसे. अंगावर लाल रेशीम, गळ्यात पितळी घंटा आणि कवड्यांच्या माळा. संध्याकाळी थकून तो जिथे बसेल तिथे मुक्काम पडे. तांड्यात कुणी आजारी पडले किंवा संकट आले तर नवस बोलायचा तो त्याच्याच पायाशी. गोण्या उतरल्या की त्या एकावर एक रचून तळाभोवती भिंत उभी करत, आणि रात्री राखणीला तांड्याची कुत्री असत. सकाळी तीच भिंत सोडून बैलांवर चढवायची. आठ महिने रोज हे काम.

चौमाशाच्या तळावर पोचायच्या दिवशी मात्र हा क्रम मोडे. गोण्यांची भिंत उभी राहिली तरी दुसऱ्या दिवशी ती सोडायची नसे. पालाणे उतरत ती थेट पावसाळा सरेपर्यंत. सोललेल्या, घट्टे पडलेल्या पाठी भरून यायला बैलांना ओल्या चाऱ्यावर तीन-चार महिने मिळत. सावकाराचा हिशेब या दिवसांत चुकता होई. तांड्याची पंचायत म्हणजे नसाब बसे आणि वर्षभर वाटेत साठलेले तंटे नाईकापुढे निकालात निघत. लग्नेही पावसाळ्यातच लागत, कारण एरवी वऱ्हाडी मंडळी एका जागी सापडायची कुठे? मराठी मुलखात चातुर्मास लग्नाला वर्ज्य आणि तांड्यात तोच लग्नसराईचा हंगाम. शेतकऱ्याचे आणि बंजाऱ्याचे वर्ष कसे उलटे चालत होते, हे एवढ्यावरून स्पष्ट होते. चौमाशाची जागा ठरवताना पाण्याचा झरा किंवा नाला, भोवती गवताळ टेकडी आणि गावाच्या शेतांपासून अंतर या तीन गोष्टी पाहत. हजार बैल गावाच्या उभ्या पिकात शिरले तर भांडण ठरलेलेच. म्हणून तळ नेहमी गावापासून बाजूला, डोंगराच्या कुशीत पडे.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे असेच डोंगरातले ठिकाण. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांची समाधी इथे आहे. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा. वडील भीमा नाईक, आई धर्मणी. सेवालाल स्वतः लदेणीवाल्या तांड्याचे. त्यांच्या कथांमध्ये तोळाराम घोडा आणि गराशा बैल ही जनावरे माणसांइतकीच महत्त्वाची आहेत आणि प्रसंग बहुतेक वाटेवरचे, मुक्कामांवरचे आहेत. त्यांचा अंत जवळच्याच रुईला झाला आणि समाधी पोहऱ्याला बांधली गेली, असे मानतात. दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत फिरलेल्या या पुरुषाचा शेवटचा मुक्काम बालाघाटाच्या या टोकाला पडला, ही गोष्ट पुढच्या इतिहासाला वळण देणारी ठरली. पांगलेल्या तांड्यांना परत येण्यासाठी एक कायमची जागा मिळाली. जवळच्या उमरीला जेतालाल महाराजांचे स्थान आहे. रामनवमीला पोहऱ्याच्या जगदंबेची आणि सेवालाल महाराजांची यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबर तेलंगणा, कर्नाटक, आंध्र प्रदेशातून लाखो बंजारे तिला येतात. पोहऱ्याला बंजारा काशी म्हणतात ते उगीच नव्हे.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात, कापसाचे भाव कडाडले आणि वऱ्हाडच्या कापसासाठी रेल्वेची घाई झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये अकोला, मूर्तिजापूर मार्गे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. पायनघाटातली लांब पल्ल्याची लदेणी इथेच संपली. मिर्झापूरला किंवा मुंबईला जायला ज्याला महिने लागत, तो कापूस आता काही दिवसांत बंदराला लागू लागला. दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांमुळे तो मळेनासाही झाला.

बालाघाटात मात्र रूळ चढले नाहीत. वाशीम अकोल्याच्या स्थानकापासून पन्नास मैलांच्या आसपास. तेवढ्या टापूत बैलांना आणखी काही वर्षे काम मिळाले. लांबचा पल्ला गेला, स्टेशनपर्यंतचा राहिला. आंध्रापर्यंत धंदा केलेला नाईक आता अकोल्याचा भाडेकरी झाला म्हणायचे. मग अकोला-वाशीम-हिंगोली रस्ता गाडीजोगा झाला आणि हे भाडेही बैलगाडीकडे गेले. एका जोडीची गाडी चार-पाच पाठींचा माल ओढते. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी अरुंद रेल्वे आली, तीच पुढे शकुंतला नावाने प्रसिद्ध झाली. खुद्द वाशीमला रेल्वे पोचली ती स्वातंत्र्यानंतर, खांडवा-हिंगोली मार्गावर. तोवर लदेणी आठवणीपुरतीच उरली होती.

सगळा दोष रेल्वेच्या माथी मारण्याची पद्धत आहे, पण ती अपुरी आहे. जंगले राखीव होऊ लागली आणि चराईवर पैसे पडू लागले, तेव्हा लदेणीच्या हिशेबातला फुकट चारा हा मुख्य आधारच निसटला. रेल्वे नसलेल्या वाटांवरही मग बैल परवडेनासा झाला. दुसरे कारण पोलिसांचा संशय. पूर्वी राजाच्या फौजेमागे अभय मिळवून चालणारा फिरता समूह आता सरकारला चोर वाटू लागला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. गंथोर्प या दुसऱ्या अधिकाऱ्याने १८८२ मध्ये वऱ्हाडातील गुन्हेगार जमातींवर पुस्तक काढले, त्यात बंजारेही आहेत. धंदा बुडाल्यावर काही टोळ्या गुरे चोरू लागल्या हे खरे. पण शेकडो मैल दुसऱ्याचा माल जोखमीने पोचवणाऱ्या समाजाची सविस्तर लेखी नोंद पोलीस अधिकाऱ्यांच्या हातून व्हावी, ही त्या काळाची तऱ्हा. त्यांच्या टिपणांतले तपशील घ्यावेत, शेरे मात्र पारखून घ्यावेत. तिसरा घाव १८९९-१९०० च्या दुष्काळाचा, ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणतात. चारा-पाण्यावाचून गुरे तडफडून मेली. उरलेसुरले कळप संपले आणि ते पुन्हा उभे करायला धंद्यात कमाई राहिली नव्हती.

तांडे थांबले ते बहुधा जिथे चौमासा काढत होते तिथेच. जागा ओळखीची होती, पाणी होते. आणि त्याच सुमारास वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीवर रयतवारी पाहणी सुरू होऊन पडीक जमीन हलक्या साऱ्यावर मिळू लागली होती. सपाटीची काळी जमीन कुणब्यांकडे आधीच होती. बंजाऱ्यांच्या वाट्याला उताराची, मुरमाड, डोंगरकडची आली. वाशीम, यवतमाळ भागातल्या तांड्यांची आजची जमीन पाहिली तर हा क्रम अजून वाचता येतो: खाली नदीकाठी गाव, त्याची काळी शेते, मग नाला आणि नाल्यापलीकडे टेकडीच्या पोटाशी तांडा. घरे नाईकाच्या घराभोवती, सेवालाल महाराजांचे आणि मरियामा देवीचे ठाणे, त्यावर पांढरा झेंडा. तांड्याला नाव बहुतेकदा ज्या नाईकाने बैल सोडून नांगर धरला त्याचे. कोरडवाहू ज्वारी आणि कपाशी हे पहिले पीक. जिथे बैलांसाठी जागा निवडली होती, तिथे माणसांना शेती करावी लागली. आजच्या तांड्यांच्या गरिबीचा एक मोठा भाग जागेच्या या निवडीतून आला आहे.

थांबलेल्या नाईकांपैकी काहींच्या घराण्यांनी मोठी मजल मारली. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यावर १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. गुन्हेगार जमातींचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला आणि महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत आला. वाशीमचा जुना जिल्हा १९०५ मध्ये मोडला आणि वाशीमचा भाग अकोल्यात गेला होता. तो १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला आणि मानोरा, पोहरादेवी त्यात आले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातले मागे पडलेले जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांमध्ये वाशीम होता.

फिरणे मात्र पुरते थांबलेले नाही. उताराच्या कोरडवाहू शेतीत वर्ष निघत नाही, म्हणून दिवाळी झाली की तांड्यातले तरुण जोडपे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला, नाहीतर वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जाते आणि पेरणीच्या आधी परतते. महिने तेच, लदेणीचे. फरक असा की तेव्हा अख्खा तांडा नाईकासह, म्हाताऱ्या-पोरांसह चालत असे आणि बैल त्याचे स्वतःचे होते. आता म्हातारी माणसे घरी राहतात, शाळेतली मुले कधी त्यांच्याकडे, कधी फडावर, आणि उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत. रामनवमीच्या यात्रेला ट्रक आणि जीप भरून येणाऱ्यांत असे परतणारेही असतात.

पोहरादेवीच्या गादीवरचे रामराव महाराज ३० ऑक्टोबर २०२० रोजी निवर्तले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. पालाण, गोण, कवड्यांच्या माळा या वस्तू आता जपल्या जातील. तांड्यातांड्यांतून अजून सांगितली जाणारी वाटांची नावे, मुक्कामांची ठिकाणे आणि कोणता नाईक कुठे थांबला याची हकिकत मात्र वस्तूंसारखी मांडणीत ठेवता येत नाही. ती तोंडी आहे आणि सांगणारे थकले आहेत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी ती लिहून घेण्याचे काम लवकर हाती घ्यावे. ही निकड मोठी आहे, कारण कितीतरी तांड्यांना अजून स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा नाही. सरकारी कागदावर ते शेजारच्या मूळ गावातच मोडतात.